बिनस्टिकरची गाडी आणि डबाभर सुकेळी

सिडनीहून ब्रिस्बेनला गाडीने गेलेल्यांची वर्णनं तुम्ही वाचली असतील. त्यांत समुद्रकिनारे असतात, देवमासे असतात, कुठल्याशा दीपगृहावरचा सूर्योदय असतो. माझ्याकडे यातलं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. समुद्र आमच्या उजव्या हाताला दोन दिवस होता म्हणतात. आमच्याकडे बहात्तर तास होते, आणि त्यातले चाळीस सिडनीतल्या आमच्या पेंडल हिलच्या घरात सोफ्यावर बसूनच संपले होते.

पेंडल हिल

ब्रिस्बेन ज्या राज्यात येतं त्या क्वीन्सलंडने करोनाच्या दुसऱ्या डिसेंबरात सिडनीकरांना दार उघडलं, तेही किलकिलं. दोन डोस, ऑनलाइन पास आणि सीमेवर पोचताना बहात्तर तासांच्या आतली निगेटिव्ह टेस्ट. टेस्टची मला नवलाई नव्हती. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जूनपासून दुसऱ्यांच्या नाकातल्या काड्या हाताळण्यात माझे दिवस गेले होते. शिफ्ट संपली की घरी यायचं, कपडे थेट मशीनमध्ये टाकायचे, आंघोळ, जेवण आणि आडवं व्हायचं. झोपून उठलं तरी शीण तसाच. या प्रवासाला मी हौसेने निघाले नाही. पप्पांना मम्मीकडे पोचवायचं होतं, म्हणून निघाले.

माझे आईवडील वसईचे. साथ सुरू व्हायच्या जरासे आधी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. पुढच्या वर्षी जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे, लीनाचे, दिवस भरत आले. ती ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते. मम्मी बाळंतपणासाठी विमानाने पुढे गेली. पप्पाही जाणार होते. पण आमच्या परसात आधीच्या भाडेकरूने लावलेली एक केळ आहे, तिचा घड उतरायला आला होता, आणि वसईच्या माणसाला घड झाडावर सोडून जाववत नाही. "दोन आठवड्यांत उतरवतो, मग येतो," म्हणाले. दोन आठवड्यांत सिडनी बंद झाली आणि तिच्यामागोमाग सीमा. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात आठवडाभरही वेगळी न राहिलेली दोन माणसं एकाच देशात सहा महिने दोन टोकांना बसली.

पहिले दोन महिने मम्मी फोनवर यायची. मग तिने बोलणंच टाकलं. लीनाने फोन पुढे केला की हिला बाळाचे लंगोट आठवायचे. एकदाच म्हणाली, "केळीशीच संसार करा म्हणावं आता," आणि उठून गेली. पप्पा हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

त्या घडाची त्यांनी सुकेळी केली. वसईत राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, मधासारखी गोड लागतात. इथलं केळं कुठल्या जातीचं ते पप्पांनाही सांगता येईना, आणि ऊन हिवाळ्याचं. तरी सोललेली केळी जाळीवर मांडून, वर जुनी मच्छरदाणी पसरून ते शेजारी खुर्ची टाकून राखणीला बसले. वीसेक सुकेळी झाली. आम्हाला चाखायलाही दिली नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा कपाटावर ठेवला. "फिलूचा आहे," म्हणाले. फिलू म्हणजे मम्मी, फिलोमिना.

आता गाडीबद्दल. मी विद्यार्थी म्हणून इथे आले तेव्हा गाडीच्या पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात खाली, रेगोचं स्टिकर असायचं. रेगो म्हणजे रजिस्ट्रेशन, ते दरवर्षी नवं करावं लागतं. स्टिकरवर महिना आणि वर्ष ठळक छापलेलं. दर वर्षी जुनं ब्लेडने खरवडायचं, नवं लावायचं आणि त्यात एखादं नख तरी तुटायचं. मग सरकारने स्टिकर बंद केलं. नंबरप्लेट कॅमेऱ्याला दिसली की पोलिसांना सगळं कळतं. कळत नाही ते फक्त मालकाला.

रेगोसाठी तीन पायऱ्या लागतात. गाडी ठीक असल्याची गुलाबी स्लिप, विम्याची हिरवी स्लिप आणि मग प्रत्यक्ष रेगोचे पैसे. यंदा मी पप्पांना म्हटलं, गाडीचे कागद तेवढे तुम्ही बघा. पप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागद म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. गॅरेजवाल्याकडून गुलाबी स्लिप आणली, माझ्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करत हिरवी काढली, दोन्ही प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावल्या. "गाडीचे कागद झाले," म्हणाले. मी बरं म्हटलं.

टेस्ट बुधवारी दुपारी एकला दिली. निकाल गुरुवारी रात्री आला. शनिवारी दुपारी एकच्या आत सीमा ओलांडायची होती. रविवारी सकाळी लीनाच्या मुलाचा बाप्तिस्मा. माझा नवरा वॉल्टर हॉस्पिटलात नर्स आहे, त्याला सुट्टी नव्हती. शुक्रवारी पहाटे निघताना त्याने डोळे चोळत हात हलवला, आणि पप्पा मांडीवर फाइल, फाइलवर डबा असे माझ्या शेजारी बसले.

कॉफ्स हार्बर आणि पुढे

न्यूकॅसलपर्यंत मी बोलले नाही. पप्पांना माझी सवय आहे. ते पाट्या वाचत होते. टारीच्या पुढे पेट्रोल पंपावर चहा घेतला, म्हणजे कागदी पेल्यात गरम पाणी आणि दोरीला लटकलेली पिशवी. पप्पांनी ती पिशवी इतका वेळ पिळली की मागे रांग लागली.

कॉफ्स हार्बरला डोंगराच्या उतारांवर केळीच्या बागा दिसल्या आणि पप्पा सीटवर सरसावून बसले. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. "हे वाऱ्यासाठी का पाखरांसाठी?" मला काय माहीत! "उतारावर पाणी कसं देतात?" तेही माहीत नव्हतं. रस्त्याच्या कडेला सिमेंटचं एक प्रचंड पिवळं केळं आहे. लोक त्यासमोर फोटो काढतात. मी म्हटलं, उभे राहा, मम्मीला पाठवू. ते खाली उतरले, केळ्याभोवती अर्धी चक्कर मारून परत आले.

"नको. ती आधीच केळ्यांवर चिडलीये."

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलंच.

मुक्काम वुलगूल्गाला. इथे बरेच पंजाबी बागाईतदार आहेत, टेकडीवर पांढराशुभ्र गुरुद्वारा दिसतो. मोटेलच्या भिंतीवर खोलीत स्वयंपाक करू नये अशी सूचना होती. आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी होती, म्हणजे स्वयंपाक नव्हता, पण वासाचं काय करणार? खिडक्या सताड उघडून जेवलो. तेवढ्यात मालकीणबाई टॉवेल घेऊन दारात. वास घेत म्हणाल्या, "आप लोग बम्बई साइड के हो ना?" पप्पांनी त्यांना भाकरीत गुंडाळून चटणी दिली. सकाळी बाईंनी आम्हाला घरचा चहा पाजला, आलं घातलेला. अख्ख्या प्रवासात घशाखाली उतरला तो तेवढाच चहा.

उसाच्या कडेला

ग्राफ्टनच्या पुढे नदी लागते आणि मग दोन्ही बाजूंनी ऊस. हिरवागार, माणसाच्या उंचीचा. वेळ हाताशी होता, रस्ता मोकळा होता, जरा बरं वाटायला लागलं होतं. सव्वानऊच्या सुमारास मागे निळे-लाल दिवे दिसले. माझ्यासाठी नसतील असं वाटलं. माझ्यासाठीच होते.

विश्रांतीच्या जागी गाडी घेतली. हायवे पोलिसांतली एक तरुण बाई आली, नाकावर पांढरं क्रीम, आवाज मोकळा.

"मॉर्निंग. या गाडीची रेगो संपलीये. माहीत होतं का तुम्हाला?"

"शक्य नाही," मी म्हटलं. "माय फादर लुक्स आफ्टर द पेपर्स."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या चटकन निघालं की आजही आठवलं तर कसंतरी होतं. पप्पांनी खिडकीतून फाइल पुढे केली. तिने पानं उलटली.

"हे सगळं बरोबर आहे सर. पण रेगोचे पैसेच भरलेले नाहीत."

"इन्शुरन्स इज देअर," पप्पा म्हणाले. "फिटनेस इज देअर. टॅक्स इज वन टाइम, नो? इन इंडिया, वन टाइम."

तिला काही उलगडा झाला नाही. मला झाला. आमच्याकडे नवी गाडी घेतली की टॅक्स एकदाच भरतात, पंधरा वर्षं बघायला लागत नाही. नंतर दरसाल विमा आणि धुराचा दाखला. पप्पांनी वसईच्या हिशेबाने दोन कागद लावले होते आणि फाइल मिटली होती.

"माय मिस्टेक, मॅडम. डॉटर इज व्हेरी बिझी," पप्पा म्हणाले.

तिने माझ्या नावावर दंडाची नोटीस केली. रेगो भरेपर्यंत गाडी हलवायची नाही, फोनवरून भरली की सिस्टिममध्ये लगेच दिसेल, असं सांगून "नो वरीज" म्हणत ती गेली. वरीज आमच्याजवळ ठेवून.

आणि मी पप्पांवर तोंड टाकलं. "हे वसई नाही पप्पा. माहीत नसेल तर विचारायचं होतं. एक काम दिलं होतं. आता एक वाजून गेला तर टेस्ट बाद, मग माघारी फिरा आणि बसा त्या केळीखाली." ते मान खाली घालून ऐकत होते. सत्तरीचा माणूस, मांडीवर डबा. मला दिसत होतं की मी थांबायला हवं, आणि मला थांबता येत नव्हतं.

रेगो भरायला आधी आलेल्या रेगोच्या नोटिशीवरचा नंबर लागतो. तो ईमेलमध्ये असेल म्हणून शोधला. सापडला. सहा आठवड्यांपूर्वीचा मेल, आणि उघडलेला. मग मला लख्ख आठवलं. लॅबच्या जेवणघरात, हातात सँडविच, मी तो उघडला होता. दोन स्लिपा मिळाल्या, आता फक्त पैसे भरा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पप्पा बघतायत ना, असं म्हणून मी फोन खिशात टाकला होता. बारा-तेरा वर्षं या देशात राहून तीन पायऱ्या मला पाठ होत्या.

मी फोन जरा तिरका धरला, पप्पांना दिसू नये म्हणून. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

माझं कार्ड आठवड्यापूर्वी हरवलं होतं, नवं पोस्टात अडकलेलं. दुसरं कार्ड वॉल्टरच्या नंबरला जोडलेलं, बँकेचा कोड त्याच्या फोनवर जाणार आणि त्याचा फोन हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये. त्याची मधली सुट्टी अकराला. पावणेदोन तास आम्ही एका निलगिरीखाली लाकडी बाकावर बसलो. माश्या तोंडाला सोडत नव्हत्या. मोठमोठे ट्रक उसाला हलवून जात होते.

"पूर्वी काचेवर काहीतरी असायचं ना गं?" पप्पांनी विचारलं. "तू पहिल्या गाडीचा फोटो पाठवला होतास, त्यात होतं."

"बंद झालं ते."

"चांगली सोय होती." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्यामुळे तुला त्रास झाला."

मी "असू दे" म्हटलं. असू दे! माफ केल्यासारखं. माझी मलाच लाज वाटली, पण ती लाज मी गिळली. लीनाचा मेसेज आला होता: मम्मीने सकाळपासून चार वेळा विचारलं, कुठवर आले. चार वेळा. तो मी पप्पांना वाचून दाखवला. त्यांनी डब्यावरचा हात काढला नाही, नुसतं "बरं" म्हणाले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी वॉल्टरने कोड वाचून दाखवला. मी पैसे भरले, पावती आली आणि आम्ही सुटलो.

सीमा

ट्वीड हेड्सला गाड्यांची रांग. मुंगीच्या पावलाने सरकत होतो. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. पप्पांनी पास आणि टेस्टचा मेसेज, दोन्हींचे प्रिंट हातात धरून ठेवले होते, परीक्षेच्या हॉलतिकिटासारखे.

"इथे घड्याळ एक तास मागे असतं ना? म्हणजे आपल्याला तास मिळाला."

"बहात्तर तास म्हणजे बहात्तर तासच, पप्पा."

"कचेरीत असतो तर मी तो तास मिळवून दिला असता."

आमची पाळी आली तेव्हा सिडनीच्या वेळेने बारा चाळीस झाले होते. हवालदाराने कागद बघितले, मनगटावरचं घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं हातात ठेवून आलात," म्हणाला आणि हाताने पुढे जायची खूण केली. पप्पांनी त्याला खिडकीतून नमस्कार केला.

स्प्रिंगफील्ड लेक्स

इथली सगळी घरं एका साच्यातली. लीनाचं घर ओळखायला मला दर वेळी नंबर बघावा लागतो. या खेपेला लागला नाही. दारात मम्मी उभी होती. सहा महिन्यांत बारीक झालेली, केस विंचरून, चांगला ड्रेस घालून. पप्पा गाडीतून उतरले आणि फाटकाशीच थांबले. पुढे काय करायचं हे जणू विसरले होते.

मम्मीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पिकली का केळी?"

पप्पांनी डबा पुढे केला. तिने तिथेच, दारात उभं राहून झाकण उघडलं, एक सुकेळं घेतलं आणि सावकाश खाल्लं. लीना बाळ घेऊन मागे उभी.

"जरा जास्त वाळलीत," मम्मी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. पप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत, तेवढ्यावरच भागतं.

आत गेल्यावर तिने विचारलं, एवढा उशीर का झाला? मी पप्पांकडे बघितलं. "वाटेत केळीच्या बागा बघत बसलो," ते म्हणाले. "दुसरं काय करणार तुम्ही!" असं म्हणून मम्मी भात वाढायला लागली. मी मान वर न करता जेवले.

बाप्तिस्मा झाला, मी धर्ममाता झाले. पाणी पडताच बाळाने फादरांच्या तोंडावर जांभई दिली. मंगळवारी मला कामावर हजर व्हायचं होतं, सोमवारी निघणं भाग होतं. पप्पा अर्थात राहणार होते. निघायच्या आधी मी बाहेर आले तर ते गाडीत डाव्या सीटवर बसून चिकटपट्टीशी झटत होते. काचेच्या डाव्या कोपऱ्यात पोस्टकार्डाच्या चतकोराएवढा कागद लावला होता. बाहेरून वाचलं. त्यांच्या वळणदार कचेरी अक्षरात इंग्रजीत: रेगो पेड, आणि पुढच्या वर्षाचा महिना.

"पोलिसांसाठी," ते म्हणाले.

परत

एकटीने गाडी चालवताना शीण जास्त जाणवतो. ग्राफ्टन अजून दूर असताना डोळे मिटायला लागले, म्हणून पहिली दिसली त्या विश्रांतीच्या जागेत वळले. उतरल्यावर निलगिरी आणि बाक ओळखीचे निघाले. पाण्याची बाटली पप्पांच्या सीटखाली गडगडली होती. ती काढायला तिकडे वाकले तेव्हा काचेवरच्या कागदाची आतली बाजू समोर आली. बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं:

"अनिता, मेल उघडलास की पैसेही भर."

मी त्याच सीटवर बसले. मग फोन लावला.

"पोचलीस?"

"नाही. त्याच झाडाखाली आहे. पप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

पलीकडे बाळ रडत होतं. ते दुसऱ्या खोलीत गेले असावेत, रडणं लांब गेलं.

"तू लॅपटॉप उघडा टाकून जातेस. मेल वाचलेला दिसला, मला वाटलं भरलेस."

"आणि ते टॅक्स वन टाइम?"

"अगं, तीन कागद लागतात हे गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पस्तीस वर्षं कचेरीत काय झोपा काढल्या मी?"

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला काय वाट्टेल ते बोलले."

"बोललीस. दमली होतीस. दंड तुझ्या नावावर लागला. वर बोलणीही तुलाच बसू द्यायची होती का? म्हाताऱ्याला इथलं काही कळत नाही, हे कोणालाही पटतं."

मी सॉरी म्हटलं. रडत म्हटलं, ते त्यांना कळलंच असणार. मग फोनची हातापालट झाल्याचा आवाज आला आणि मम्मी बोलायला लागली, जी गेले चार महिने आमच्या घरून आलेला फोन हातात धरत नव्हती.

"अनिता, घरी पोचलीस की केळीला पाणी घाल गं. हे म्हणतात, नवा कोंब आलाय."

घालते म्हटलं. तोंड धुतलं आणि गाडी रस्त्याला लावली.